रोजच्या नोकरीत आज्ञापालन म्हणजे नेमकं काय करायचं? एका निवृत्त नर्सचं उत्तर

सलाम. तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू २७ वर्षांचा आहेस, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा कल्याणला राहतो, अंधेरीच्या एका मालवाहतूक कंपनीत अकाउंट्सला आहे. दर रविवारी चर्चला उपासनेला जातो, गायनमंडळात गातो. पण ‘सोमवार ते शनिवार माझ्यात आणि बाजूच्या टेबलावरच्या माणसात काडीचा फरक नाही’ असं त्याचं म्हणणं. महिनाअखेरीला साहेब बिलांवर मागची तारीख टाकायला सांगतात. बसने जायचं आणि व्हाउचर रिक्षाचं लावायचं ही ऑफिसची रीतच आहे, आणि तोही लावतो. पूजा असली की कुठे उभं राहावं कळत नाही. घरी आई म्हणते, घरची प्रार्थना बंदच पडली. आणि शेवटी त्याचे दोन प्रश्न: माझ्यासाठी देवाची इच्छा काय हे ओळखायचं कसं, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाऊ का?

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. ३४ वर्षं मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होते. गेली २२ वर्षं शुक्रवारी संध्याकाळी नोकरी करणाऱ्या मुलामुलींचा वचनाचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास घेते. त्यामुळे जे सांगेन ते वॉर्डातलं आणि त्या शुक्रवारांतलं. सिद्धांताच्या बारकाव्यांसाठी तुमच्या पाळकसाहेबांना गाठ.

पहिलं, तुझा प्रश्न मला तू लिहिलायस तसा वाटत नाही. देवाची इच्छा कशी ओळखू म्हणतोस, आणि त्याच्या वरच तू स्वतः तीन गोष्टी लिहिल्यास ज्यांत ती तुला पुरती माहीत आहे. खोटी तारीख टाकू नये हे कळायला कुणाला दर्शन लागतं का? न बसलेल्या रिक्षाचं भाडं घेऊ नये हे संडे स्कूलमधलं पोरही सांगेल. तुला कळतंय, पण ते केलं तर काय काय जाईल याची धास्ती आहे. ती असणारच, मलाही होती. मत्तयाच्या २१व्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे बघ. बाप म्हणतो, मळ्यात जा. एक म्हणतो ‘जातो’ आणि जात नाही. दुसरा ‘नाही जात’ म्हणतो आणि मग मनाला लागतं म्हणून जातो. आपण गायनमंडळातली माणसं बहुधा पहिल्या मुलासारखी. सुरात ‘जातो’ म्हणतो.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. घर तुझ्या पगारावर चालतं का, कर्जाचे हप्ते किती, साहेब कसा माणूस आहे, बिलावर सही तुझी असते की तू फक्त टाइप करून देतोस, मागची तारीख म्हणजे दोन दिवस मागची की मागच्या आर्थिक वर्षातली. यावरून काय करायचं ते बदलत नाही, पण कसं आणि किती घाईने ते बदलतं.

आणि क्रम विसरू नकोस. दहा आज्ञा निर्गमच्या २०व्या अध्यायात आहेत, पण तो अध्याय आज्ञेने सुरू होत नाही. आधी देव म्हणतो की मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढलं. मग आज्ञा. सुटका आधी झालेली आहे. हे डोक्यात पक्कं नसेल तर उद्यापासून तू व्हाउचरं खरी लावशील आणि महिन्याभरात ऑफिसातला सगळ्यात कुजकट माणूस होशील. असे लोक मी पाहिलेत. काही काळ मीही तशीच होते.

आता वॉर्डातली गोष्ट. ही जरा लांबेल, पण माझं सगळं उत्तर हिच्यातच आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नवीन स्टाफ, बायकांच्या मेडिकल वॉर्डात नाइटला. पेशंट चाळीसच्या आसपास, काही जमिनीवर गादी टाकलेले, आणि आम्ही दोघी. प्रत्येक पेशंटच्या चार्टवर ठरलेल्या वेळी ताप, नाडी आणि श्वास लिहायचा. तेव्हा पाऱ्याचे थर्मामीटर होते. एका पेशंटला तीन-चार मिनिटं धरली तरी चाळीस पेशंटना दोन तासांच्या वर जातात. त्यात कुणाचं सलाइन संपलेलं, कुणाला उलटी, एखादं नवीन ॲडमिशन. सगळे जे करायचे ते मीही शिकले: रात्री दोनचे रकाने पहाटे पाचला एका दमात भरायचे. ९८.४, ७८, १८. पुढचा पेशंट, ९८.४, ८०, १८. नाडीचा आकडा मुद्दाम थोडा बदलायचा, म्हणजे खरा वाटतो. हाताला इतकी सवय झाली होती की मी काही करतेय असं वाटतच नसे.

एका सकाळी राउंडला एका आजीबाईंना चांगलाच ताप निघाला. हाउसमनने, म्हणजे वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरने, चार्ट पाहिला आणि विचारलं, ‘रात्री ताप नव्हता?’ मी म्हटलं, ‘नव्हता.’ एवढंच. आजीबाई बऱ्या होऊन घरी गेल्या, कुणाला काही कळलं नाही. पण त्या रविवारी उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. काय वाचलं ते आठवत नाही. पुलपिटच्या लाकडी काठावर ठेवलेला माझा हात मला दिसत होता आणि तो हात ९८.४ लिहिणारा होता, एवढं आठवतं.

सोमवारी सिस्टर-इनचार्जना जाऊन सांगितलं. वाटलं होतं, आता रडारड होईल, क्षमा होईल. त्या औषधांचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्रक, भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मला सांगून काय उपयोग? आजपासून घेत जा.’

घेत गेले. आणि तिथेच खरी पंचाईत झाली, कारण चाळीस पेशंट दोघींत होतच नाहीत. मग ज्यांचं मोजलं नाही त्यांचा रकाना रिकामा ठेवायला लागले. सकाळी ओव्हर देताना दिवसपाळीच्या मुली बघत राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात मला मेमो मिळाला, नोंदी अपूर्ण म्हणून. खोट्या नोंदींना कधी मेमो मिळाला नव्हता, हे मला फार लागलं. बरोबरची स्टाफ बोलेनाशी झाली, कारण तिचे रकाने भरलेले आणि माझे रिकामे, त्यामुळे ती उघडी पडत होती. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत तिला पडत होती, आणि हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

दीडएक महिन्याने त्याच सिस्टर सगळे चार्ट घेऊन बसल्या. रिकाम्या रकान्यांनी त्यांना आकडा दिसला होता: दोघींत रात्री किती होतात आणि किती होत नाहीत. त्यांनी डॉक्टरांशी बोलून यादी केली, कुणाचा ताप दर चार तासांनी बघायचा आणि कुणाला सकाळ-संध्याकाळ पुरे. रात्री दोनला मोजायचे पेशंट बारा-तेरावर आले. ते होत होते. तिसरी नर्स काही मिळाली नाही, तशी ती कुठल्याच वॉर्डाला मिळत नसे.

यातून मला जे कळलं ते असं. मी खोटे आकडे भरत होते तोवर वॉर्ड नीट चाललाय असं कागदावर दिसत होतं आणि ते बदलायचं कुणाला कारण नव्हतं. रकाना रिकामा ठेवणं ही फार मोठी गोष्ट नव्हती. पण जे झालं नाही ते झालं नाही असं कागदावर आलं, आणि मग ते दुसऱ्या कुणालातरी हाताळता आलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही मी ड्यूटीवर होते. बदली येऊच शकली नाही, आम्ही दोन दिवस हॉस्पिटलातच. लोक अजून त्याचं कौतुक करतात. खरं सांगू? त्या दिवशी आज्ञापालन सोपं होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. अवघड असते ती नोव्हेंबरातली कुठलीशी रात्र, जेव्हा कुणी बघत नसतं आणि पेन हातात असतं.

आता तुझी बिलं. लूकच्या ३ऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात आणि विचारतात, आम्ही काय करावं? त्या काळी लोक या दोन धंद्यांना शिव्याच घालत. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धमकावून पैसे काढू नका, आपल्या पगारात भागवा. त्याच टेबलावर बसायचं, पण तिथे जे खोटं चालतं ते थांबवायचं.

हिशेबातलं मला फारसं कळत नाही, म्हणून आमच्या शुक्रवारच्या गटातल्या, सीएकडे काम करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, माल विकणाऱ्याचं बिल माल निघतानाच करावं लागतं, पण सेवेचं बिल द्यायला जीएसटीच्या नियमांत साधारण ३० दिवस मिळतात. म्हणजे काम मागच्या महिन्यात झालं आणि बिल या महिन्याच्या ३ तारखेला केलं, तर बिलावर ३ तारीखच टाकायची आणि काम कुठल्या काळातलं ते मजकुरात लिहायचं. मागच्या महिन्याचं उत्पन्न मागच्या महिन्यात दाखवायचं असेल तर बिल न फाडताही हिशेबात तशी तरतूद करता येते. तुमच्या कंपनीला हे कितपत लागू पडतं ते तुमच्या ऑडिटरला विचार. पण बघ, साहेबांना जे हवंय त्यातलं बरंचसं खरी तारीख ठेवूनही मिळू शकतं. पुष्कळदा खोटं हे हुशारीपेक्षा आळसाने चाललेलं असतं.

तेव्हा साहेबांकडे जाशील तो एकटा जा, सगळ्यांसमोर नको. महिनाअखेरीच्या संध्याकाळी तर नकोच, दहा-बारा तारखेला जा. सुरुवात ‘मी ख्रिस्ती आहे म्हणून’ अशी करू नकोस. त्यांना वाटेल, म्हणजे आम्ही सगळे चोर का? एवढंच म्हण: ‘सर, मागची तारीख माझ्याकडून पडणार नाही. त्याच्याऐवजी असं करता येईल, मी आजच करून देतो.’ आणि खरंच करून दे, उशिरापर्यंत बसावं लागलं तरी. माझ्या बरोबरच्या स्टाफचं मी काय केलं ते वर सांगितलंय. तुझ्या ‘नाही’मुळे बाजूच्या टेबलावर काम ढकललं जाणार असेल तर त्याचा वाटा तू आधी उचल.

ऐकतील का? माहीत नाही. आमच्या गटातल्या एकीने असंच सांगितलं, तर साहेब ‘बरं’ म्हणाले आणि विषय संपला. ती वर्षभर उगाच घाबरत होती. दुसऱ्या एकाला तीन महिन्यांत नोकरीवरून काढलं, आणि पुढची नोकरी मिळाली ती कमी पगाराची. त्याच्यापुढे ‘देव सगळं चांगलंच करतो’ असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते. दानिएलच्या पुस्तकात राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून भट्टीपुढे उभे केलेले ते तिघे राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यातलं ‘आणि नाही सोडवलं तरी’ वाचून मगच साहेबांच्या केबिनमध्ये जा. तीनेक महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर बोलायला बळ येतं. तो नसेल तर आजपासून टाकायला लाग. यात अविश्वास काही नाही.

व्हाउचरांचं सोपं आहे. आजपासून बंद. मागचे किती झाले असतील त्याचा अंदाज काढ. जुन्या करारात गणनाच्या ५व्या अध्यायात नियम आहे: दोष कबूल करायचा, मुद्दल परत द्यायचं आणि वर त्याचा पाचवा हिस्सा. लूकच्या १९व्या अध्यायातल्या जक्कय जकातदाराने तर चौपट देऊ केलं. पुढच्या काही महिन्यांचं खरं भाडं न मागता गुपचूप वळतं करून घेता येईल, पण मला ते कमी पटतं, कारण जे गुपचूप घेतलं तेच पुन्हा गुपचूप. तुझ्या जागी मी अकाउंट्सच्या वरिष्ठांना सांगितलं असतं. अर्थात तुझे वरिष्ठच रिक्षा लावत असतील तर गुंता आहे, आणि मग वळतं करणंही चालेल. हे तू ठरव.

पूजेचं. आमच्याकडे दसऱ्याला ऑपरेशन थिएटरपासून स्टरलायझरपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडत. पहिली काही वर्षं मी त्या दिवशी रजा टाकायची. मग एका वर्षी सिस्टरना म्हटलं, पूजेच्या वेळी वॉर्ड मी सांभाळते, सगळ्या जणी निवांत जा. सगळ्यांना इतकं बरं वाटलं की पुढे ती रीतच पडली, आणि नाताळला माझी ड्यूटी कधी लागली नाही. न मागता कुणीतरी घेऊन टाकायची. प्रसादाबद्दल आमच्या गटातच दोन मतं आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १०वा अध्याय वाच, ते पत्र लिहिणारा पौल तिथे दोन्ही बाजू घेतो. पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा म्हणतो, आणि हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका म्हणतो. राजे दुसऱ्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातला अरामी सेनापती नामानही बघ. तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताला धरून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला झापत नाही, ‘शांतीने जा’ म्हणतो. मी स्वतः प्रसाद घेत नाही. पण देणाऱ्या बाईचा हात रिकामा परत जाऊ देत नाही, हसून ‘सुनेसाठी नेऊ का?’ म्हणते, माझी सून हिंदू आहे. तुला दुसरा मार्ग सापडेल.

घरकामाच्या बाईचा पगार कधी देता, हेही एकदा आईला विचार. लेवीय १९ म्हणतं, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे राहू देऊ नये. आपण ती सात तारखेपर्यंत ठेवतो आणि रोज सकाळी गटावर वचन पाठवतो. रेल्वेचंही तसंच. पास सेकंडचा आणि गर्दी बघून चढायचं फर्स्टमध्ये, हे तू लिहिलं नाहीस, पण कल्याणचा आहेस म्हणून विचारते.

पूर्णवेळ सेवेचं म्हणशील तर आत्ता नको. मार्कच्या ५व्या अध्यायात भुतांपासून सुटलेला माणूस प्रभू येशूला विनवतो की मला तुझ्याबरोबर येऊ दे. प्रभू त्याला येऊ देत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांत जा म्हणतो. पौलही करिंथात तंबू शिवत होता. तुला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, असेल तर ते दोन वर्षांनीही असेलच. पण खोट्या तारखांपासून सुटका म्हणून सेवेत जाशील तर तिथेही पावतीपुस्तकं असतात, हे माझ्याकडून ऐकून ठेव.

एक इशारा, नर्स म्हणून. वचनातून जे टोचतं त्यावर बोट ठेवता येतं: अमुक बिल, अमुक माणूस, अमुक रक्कम. ते केलं की मन मोकळं होतं. दुसरं एक टोचणं असतं ज्याला आकार नसतो. सगळंच चुकतंय, पुरेसं होतच नाही, तेच तेच तपासत राहायचं, रात्र-रात्र झोप नाही. ते आज्ञापालनाने बरं होत नाही. तसं असेल तर पाळकांशी बोल आणि डॉक्टरांनाही दाखव. आमच्या दोन मुलांना औषधांनी फरक पडला, आणि प्रार्थनाही पुन्हा जमायला लागली.

म्हणजे सध्या तुझ्याकडे कामं तीनच: व्हाउचर बंद, त्या ऑडिटरला फोन, आणि दहा तारखेनंतर साहेबांशी बोलणं. सगळं एकदम सुधारायला जाऊ नकोस. मीही आधी फक्त रात्री दोनचा रकाना धरला होता. औषधांच्या वेळा खऱ्या लिहायला पुढचं वर्ष उजाडलं.

आणि घरची प्रार्थना. अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून कल्याण लोकल, म्हणजे साडेनऊच्या आत तू घरी पोचत नाहीस. आईला आज रात्रीच सांग की जेवायला बसायच्या आधी, पावणेदहाला. एक स्तोत्र, एक प्रभूची प्रार्थना, पाच मिनिटं. ती म्हणेल, एवढीशी? म्हणू दे. ताटं वाढून ठेवली की तीच आधी हाक मारेल.